कारणाचा रकाना

साहेब सुट्टीवरून आले ते थेट तिच्या टेबलापाशी. "माझ्या पॅकेजला हात कुणी लावला?"

"मी," ती उठून म्हणाली.

टेबलावर तिचा कायम नोकरीचा फॉर्म पडला होता. सहा महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. साहेबांची सही झाली नाही तर सोमवारपासून घरी, हे तिला काय, शिपायालाही ठाऊक होतं.

पॅकेज म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. त्याचं काम एवढंच, की कॉम्प्युटरवर लिनक्सच्या काळ्या खिडकीत कमांडची दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबला की बाकीची आपोआप उमटावीत. साहेबांनीच नऊ वर्षांपूर्वी लिहिलेलं. फक्त त्याची मुख्य फाईल भलत्याच फोल्डरात जाऊन पडायची, आणि सिस्टीम तिला शेजारच्या फोल्डरात शोधायची. मग बसा टॅब बडवत! यावर ऑफिसाने काढलेला तोडगा असा, की दर अपडेटनंतर सगळ्यात नव्या माणसाने चौसष्ट मशीनवर एकेक करून शिरायचं आणि फाईल हाताने योग्य जागी ठेवायची. का म्हणून विचारलं तर उत्तर तयार: आम्हीही केलंय. दुखणं तसंच ठेवून वर पट्ट्या बांधायच्या, अन् त्याला शिस्त म्हणायचं.

तिने दोनदा निमूट केलं. तिसऱ्या खेपेला पॅकेजच उघडलं, फोल्डराच्या पत्त्याची एक ओळ दुरुस्त केली, शेजारच्या टेबलावरच्या ताईंकडून तपासून घेतली आणि पाठवून दिली. चौसष्टच्या चौसष्ट मशीनवर टॅब चालू लागला.

साहेबांचं म्हणणं, आधी विचारायला हवं होतं. तीन मेल पाठवल्या होत्या, असं तिने सांगितल्यावर ते जास्तच तापले. नऊ वर्षं कुणाचं काही अडलं नाही, आणि कालची पोर आम्हाला शहाणपण शिकवणार? "आत्ताच्या आत्ता बदल मागे घे. मग सहीचं बघू."

या सहीच्या भरवशावर तिने आईला घर आवरून इकडे बोलावून घेतलं होतं. तरी तिने आपली खुर्ची साहेबांकडे सरकवली. "मी नाही घेणार, सर. तुम्ही घ्या."

साहेब तणतणत बसले. एक बटण दाबायचा अवकाश होता. पण बटणाच्या आधी कारणाचा रकाना आला. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. नियम साहेबांचाच, त्यांच्याच अक्षरात भिंतीवर लावलेला: फाईल कुठून कुठे नेली आणि का, ते नावासकट लिहावे. रकान्याच्या वर तिचं कारण दिसत होतं. 'फाईल चुकीच्या फोल्डरात जात होती. आता बरोबर फोल्डरात जाते.'

साहेबांनी लिहिलं, 'पूर्वीप्रमाणे'.

"नुसतं तेवढं चालत नाही, सर," ताई स्वतःच्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. "माझं 'पूर्वीप्रमाणे' तुम्ही दोनदा परत पाठवलंत."

साहेबांनी ते खोडलं. 'फाईल बरोबर फोल्डरातून' इथवर आले आणि त्यांची बोटं अडली. खोलीतलं सगळ्यांचं टाइप करणंही थांबलं होतं.

तिने फॉर्म त्यांच्या कोपरापाशी सरकवला, वर पेन ठेवलं.

"पुढचं मी सांगते, सर. तुम्ही लिहा."