बाराव्या सेकंदाची नजर

मोसमाआधीच्या डोळ्यांच्या चाचणीत आइस हॉकीच्या पोरी मुद्दाम फिरत्या ठिपक्यावरून नजर हटवतात, हे संघाची फिजिओ लोर्नाला ठाऊक होतं. पहिलाच निकाल वाईट असला की पुढे त्याच्याशी तुलना करताना डोक्याला लागलेला मार लपतो आणि खेळायला मिळतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये अख्ख्या संघाची नजर बाराव्या सेकंदाला दाराकडे वळली, तेव्हा तिने नुसतं दटावलं होतं, "ठरवून केलंत ना, भवान्यांनो?"

आज ब्रिन बर्फावर डोक्यावर आपटली. लोर्नाने तिला बाकावर बसवून यंत्राचा चष्मा चढवला. आत मिट्ट काळोख आणि एक फिरता ठिपका, बाकी काही नाही.

बाराव्या सेकंदाला यंत्राच्या पडद्यावरची नजरेची रेघ वळली. दाराकडे नाही, लोर्नाच्या खुर्चीमागे.

"कुठे बघतेस गं?"

"ठिपक्याकडेच, मॅडम. आईशप्पथ."

यंत्रच बिघडलं असणार. लोर्नाने चष्मा स्वतः चढवला, पडदा ब्रिनकडे फिरवला आणि ठिपक्यावर डोळे रोखून मनात आकडे मोजले. दहा. अकरा. बारा. आपली नजर तसूभरही ढळली नाही, याची तिला खात्री होती.

"मॅडम," पडद्याकडे बघत ब्रिन हळूच म्हणाली, "माझ्या शेजारी कोणाला बघताय?"