स्टिअरिंगची थरथर

अप्पांनी घेतलेल्या जुन्या सेडानचं स्टिअरिंग त्यांच्या हातात सारखं थरथरायचं. हुणसूर रस्त्यावर ते एखाद्या लॉरीसमोर दगा देईल, या धास्तीने पूजिताची झोप उडाली होती. तिने एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. आधी टायर, मग बॅलन्सिंग, मग टाय रॉड. थरथर जाईना.

"मेस्त्री टोपी घालतोय आपल्याला," अप्पा चिडायचे.

आज नवं लायसन्स हाती येताच तिने स्वतः येलवालपर्यंत गाडी चालवली. स्टिअरिंग जराही हललं नाही.

"झाली बघ नीट! सुम्ने, उगाच भीत होतीस," हॉटेलात बसत अप्पा हसले.

कॉफी आली. अप्पांनी वाटीसकट पेला उचलला, आणि पेला वाटीत किणकिणतच राहिला.