नाकेदाराची पन्हाळ

श्रमाला प्रतिष्ठा असते, असं जंगलखात्याचे नाकेदार भैयाजी गावकऱ्यांना ऐकवत, विशेषतः गावकरी त्यांच्या सरकारी क्वार्टरवर फुकट राबत असताना. त्या सकाळी मात्र अख्खं गाव धानाच्या रोवणीला गेलेलं, आणि पन्हाळीचा पाइप सांध्यात गळून स्वयंपाकघराची भिंत भिजवत होता. बायकोशी भांडून भैयाजी स्वतःच शिडीवर चढले. हातोडी उचलतात तोच अंगणात नक्षल्यांचं दलम उभं. परवाच या दलमनं पलीकडच्या नाकेदाराला गावाकडून वेठ घेतो म्हणून झाडाला बांधून झोडपलं होतं. भैयाजींबरोबर शिडीही थरथरू लागली. "क्वार्टरचं काम कोन करते, नाकेदार?" "मीच करतो, भाऊ." म्होरक्या दाराकडे वळला. "बाई, तू सांग." भैयाजींनी डोळे मिटले. "हेच करतेत जी," बायको म्हणाली, "दुसऱ्यानं केलं असतं तर गळलं असतं काय?" दलम हसत निघून गेलं. भैयाजींची बदली होईपर्यंत तो पाइप गळत राहिला.