दुहेरी स्प्रिंगची सीट

काकूंच्या सायकलची सीट पुन्हा मोडली होती. सायकल दारात पडून राहिली, तर शिवणकारखान्यातली नोकरी हातची जाणार होती, म्हणून त्या काकांना घेऊन सायकलच्या दुकानात आल्या. त्या काळी दुकानदार माल दाखवण्याआधी गिऱ्हाईक पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत.

"काकू, वजन किती?" दुकानदाराने विचारलं.

"हिचं वजन?" काकाच मध्ये बोलले. "घरातला वजनकाटा हिच्या पायाखाली कधीच वारला हो. एखादा लोखंडी पाट असेल तर तोच ठोकून द्या."

दुकानातले सगळे फिदीफिदी हसले. काकूंनी मऊ गादीच्या सीट बाजूला सारल्या. जाड चामड्याची, दुहेरी स्प्रिंगची एक रुंद सीट उचलून तळव्याने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ही बसवा."

"नाहीतर मी बघा," काकांनी दुकानदाराला डोळा मारला. "आजवर माझ्या हातून एकही सीट मोडली नाही."

 

सीट बसवून झाली, काकूंनी सायकलवर टांग टाकली आणि सायकल चालवायला कधी शिकलेच नव्हते असे काका रोजच्यासारखे मागच्या कॅरिअरवर चढून म्हणाले, "खड्डे चुकवत चालव, मला लागतं."