डमी मशीन

बीप वाजला तेव्हा विनिताचं बोट अजून हवेतच होतं.

मतदान यंत्रावर वरून दुसरा लाल दिवा लागला होता, फुगा या निशाणीसमोरचा. त्याच्या बटणावर कडेवरच्या लेकीचं, रिद्धीचं इवलंसं बोट घट्ट दाबलेलं होतं. विनिताला हवी होती कढई, पार खालच्या ओळीतली. शेजारच्या पेटीच्या काचेआड चिठ्ठी उजळली. फुगाच. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि तिच्या डोळ्यांदेखत ती तुटून आत पडली.

घात केला तो काळजीनं. डाव्या हाताच्या बोटाला शाई लागल्याबरोबर तिच्या मनात आलं, ही पोर बोट ओढून तोंडात घालेल. कसलं औषध असतं त्या शाईत, कुणास ठाऊक. म्हणून तिनं रिद्धीला उजव्या कडेवर घेतलं, डावा हात लांब धरला आणि तशीच पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. कढई शोधायला ती वाकली, तशी रिद्धीही वाकली. चार वर्षांची पोर, पण हात असा सरळ गेला, जणू घरातला दिवाच लावतेय.

घरचाच खेळ होता तो. सासऱ्यांनी, म्हणजे हिरामण आजोबांनी, फुग्यावाल्यांच्या प्रचार कार्यालयातून मतदान यंत्राची प्लास्टिकची नक्कल आणली होती. डमी मशीन. सगळ्या ओळी कोऱ्या, फक्त दुसरीत फुगा. दाबलं की वाजायचं, वाजलं की आजोबा टाळ्या पिटायचे. कात्रप भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जो पाहुणा येईल त्याच्यापुढे नातीची परीक्षा. विनितालाही हसू यायचं. तेवढा वेळ पोर मोबाईल मागत नाही, याचंच तिला बरं वाटायचं.

घरात मत कुणाला द्यायचं यावर बोलणं होत नसे. ते ठरलेलंच असायचं. पण कढईवाल्या उमेदवार बाई दारात आल्या, तेव्हा त्यांनी विनिताचं पाण्याचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. धरण इतकं जवळ आणि नळ असा कोरडा का, यावर खोटं आश्वासनही दिलं नव्हतं. विनितानं त्याच दिवशी ठरवलं. आडोशामागे कोण बघायला येतंय? लग्न होऊन या घरात आल्यापासून कुणाला न विचारता ठरवलेली तिची ही पहिलीच गोष्ट होती.

"आजोबा, वाजली!" रिद्धी घरच्यासारखीच ओरडली आणि टाळ्या वाजवू लागली. खोलीत हशा पिकला. बाकावरचे पक्षांचे एजंटही हसले.

विनिता थेट केंद्राध्यक्षांच्या टेबलाशी गेली. हे मत माझं नाही, मुलीनं दाबलं, मला तर दुसऱ्याच, असं ती सांगू लागली, तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"कुठलं बटण ते बोलू नका, ताई. मत गुप्त असतं."

"पण मी दाबलंच नाही, सर."

"मशीनला बोट कुणाचं ते कळत नाही. बीप झाला, मत झालं."

मग जरा नरमाईनं त्यांनी पुढच्या निवडणुकीचं काहीतरी सांगितलं. ते तिच्या कानांत शिरलंच नाही. मागून रांगेतली एक बाई चला हो म्हणाली.

शाळेच्या फाटकाबाहेर घरची मंडळी थांबली होती. आजोबा, सासूबाई, नवरा दिपेश, धाकटा दीर भूपेश. रिद्धी तिच्या हातातून सुटून आजोबांकडे पळाली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. दिपेश हसू लागला. आजोबांना मात्र नवल वाटलं नाही. त्यांनी नातीचा मुका घेतला आणि तिच्या डोक्यावरून विनिताकडे पाहिलं, शांतपणे.

सकाळी विनिता पोरीला शेजाऱ्यांकडे ठेवून निघाली होती. पोरीलाही मतदान बघू दे, संगं ने, म्हणून याच माणसानं हट्ट धरला होता. डमी मशीन आणणाराही हाच.

दिपेशनं फोटोसाठी मोबाईल वर धरला. बोटं दाखवा, बोटं दाखवा, म्हणाला. शाईची बोटं वर झाली. विनिताची मूठ उघडेना.

"अगं, तुझं बोट?" सासूबाई म्हणाल्या.

आजोबांनी रिद्धीला खांद्यावर घेतलं आणि तिचं कोरं बोट उंच धरलं.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "तिचं बोट हेच हाय."