अंगठ्याचा खळगा

जॉर्डनमधल्या खोदकामात सापडलेला दगड संशोधक सुहाच्या उजव्या मुठीत काही केल्या बसेना. दहा हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तो तापवून त्याच्या खाचेत बाणांच्या वाकड्या काड्या सरळ केल्या होत्या. "पाठीवरचा हा खळगा अंगठ्यानं झिजलेला नसावाच," म्हणत तिनं वहीतली ओळ खोडायला घेतली. माती चाळणाऱ्या फिद्दाला राहवेना, पण समोरच सासू कॉफी ओतत होती. "डावा हात आवर गं, चारचौघांत शोभा नको," हे फिद्दा वीस वर्षं ऐकत आली होती. तरी तिनं डाव्या हातानं दगड उचललाच. अंगठा खळग्यात अलगद बसला. "म्हणजे कारागीर डावखुरा होता!" सुहा ओरडली. "किंवा डावखुरी," फिद्दा पुटपुटली. सासूनं दगडाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "तिच्या सासूनं बिचारीनं किती सोसलं असेल!" म्हणत तिनं कॉफीचा पेला सुनेच्या डाव्या हातात दिला.