लग्नातली धून

मांडीवर आडवी ठेवलेली गिटार चाळीस वर्षं लग्नांतून वाजवणाऱ्या नाबर मास्तरांच्या हातातून तारांवर फिरवायची पोलादी कांडी आज दोनदा निसटली. समोर शेजाऱ्यांची नवी सून बसली होती, खुद्द हवाई बेटांवरची. "तुमच्याकडचंच लोकगीत," असं म्हणून मास्तरांनी नेहमीच्या नाचऱ्या ठेक्यात सुरुवात केली.

तिचं हसू मावळलं. मास्तरांचे कान तापले. "काका, हळू," ती म्हणाली. "अजून हळू." मग डोळे मिटून ती स्वतःच गाऊ लागली, इतकी संथ, की पुढच्या सुरासाठी मास्तरांना श्वास धरून थांबावं लागलं.

शेवटचा सूर विरला. तिनं सांगितलं, माणूस गेलं की तिच्या गावी हे गातात. दूर जाणाऱ्या होडीला किनाऱ्यावरून दिलेला निरोप आहे हा.

मास्तरांची नजर भिंतीवरच्या बायकोच्या फोटोवर गेली. रेकॉर्ड लावून ते ही धून बसवत होते, तेव्हा स्वयंपाकघरातून ती ऐकत असायची. लग्नात नाचता यावं म्हणून लय मास्तरांनी नंतर वाढवली. शेवटच्या आजारात तिनं एवढंच मागितलं होतं, "मला नेताना ते हवाईचं वाजवा."

"लग्नातलं गाणं? लोक काय म्हणतील!" म्हणत त्यांनी तिला गप्प केलं होतं.

त्यांनी कांडी सदऱ्याला पुसली, खुर्ची फोटोकडे फिरवली.

"पहिल्यापासून म्हण, पोरी," ते म्हणाले. "आता मी घाई करणार नाही."